भंगाराचं कासव

लग्न होऊन मी ज्या घरात आले, त्याच्या गच्चीवरून तलाव दिसायचा. दिसायचा म्हणजे पावसाळ्यात आणि थंडीत. मे महिन्यात पाणी इतकं मागे हटायचं की तलावापेक्षा त्याच्या पोटातला चिखलच जास्त दिसे. त्या चिखलात शहराने वर्षभर टाकलेलं सगळं उघडं पडायचं. सायकलचे रिम, फुटके पिपे, कूलरचे गंजलेले पत्रे, बुडाला भोक पडलेल्या कढया, खाटांच्या लोखंडी चौकटी. शहरातल्या महाल भागातून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्या बाया नाकाला पदर लावायच्या, आणि सासूबाईंनी तलावाकडची खिडकी होळीनंतर उघडायची नाही असा नियमच करून टाकला होता.

आणीबाणी उठून दोनतीन वर्षं झाली होती. मी तिशीच्या अलीकडे होते. लग्नाआधी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, एका मुलींच्या शाळेत थोडे दिवस शिकवलंही होतं. मग मुलगा झाला आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली. ती खाली काढावी असं अधूनमधून वाटायचं, पण वाटण्यापलीकडे काही होत नव्हतं.

अशात एका सकाळी मास्तर आमच्या दारात उभे राहिले. शाळेत मला चित्रकला त्यांनीच शिकवली होती. आता ते निवृत्त झाले होते, पण खादीचा झब्बा, खांद्यावरची पिशवी आणि बोलताना हवेत रेघा काढणारा हात तसाच होता. त्यांनी कुठल्याशा मासिकात एक छायाचित्र पाहिलं होतं. परदेशात समुद्रकाठच्या एका गावी लोकांनी लाटांबरोबर वाहून आलेल्या कचऱ्यातून मोठमोठे प्राणी केले होते आणि किनाऱ्याने जाणाऱ्या वाटेवर उभे केले होते. ते चित्र मास्तरांच्या डोक्यात बसलं होतं. आपल्याकडे समुद्र नाही, तलाव आहे, असं ते म्हणाले. तलावातलं भंगार बाहेर काढायचं, त्याचेच मासे, बगळे, बेडूक करायचे आणि काठाकाठाने मांडायचे. माणसं फिरायला येतील, बघतील, आणि पुढच्या वेळी तलावात काही फेकताना हात जरा थांबेल. वस्तीतल्या लोकांनीच हे करायचं. मला त्यांनी विचारलं नाही, मी येणारच असं ते धरून चालले.

नवऱ्याने चहा पिता पिता एवढंच विचारलं की परवानगीचं काय. मास्तर म्हणाले, मिळाली. ते गेल्यावर नवरा म्हणाला की आपल्या गल्लीतला नळ दुरुस्त व्हायला किती खेटे घातले, आणि यांना गंजलेले मासे उभे करायला लगेच परवानगी कशी काय मिळते. मला त्याचा रागच आला. सरकारी नोकरीतल्या माणसाला सगळीकडे पाणी मुरताना दिसतं, असं मी त्याला ऐकवलं.

काम सुरू झालं ते काठावरच्या वेल्डिंगच्या दुकानात. दुकानाचा मालक खिडक्यांच्या जाळ्या आणि कूलरचे सांगाडे करायचा, सगळा मोहल्ला त्याला दादा म्हणायचा. मोठ्या आवाजाचा, चटकन तापणारा आणि तितकाच चटकन निवणारा माणूस. दुकानासमोरच्या कडुनिंबाच्या सावलीत त्याने आम्हाला जागा दिली. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही चारदोन घरांतली माणसं चिखलात उतरायचो, लोखंड ओढून आणायचो, बादल्यांनी धुवायचो आणि निंबाखाली पसरून त्याच्याकडे बघत बसायचो. मास्तरांचं म्हणणं असं की घाई करायची नाही. वस्तूकडे बघत राहायचं, ती कशासारखी दिसते ते तीच सांगते. आणि खरंच, एका सकाळी सायकलचा, पुढचं चाक धरणारा वाकडा चिमटा माझ्या हातात आला आणि मला बगळ्याचे पाय दिसले. कित्येक वर्षांनी माझ्या डोळ्यांना असं काही दिसत होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी रंगांची पेटी खाली काढली.

तलाव आणि आमची गल्ली यांच्यामध्ये, पाण्याच्या अगदी काठाला, झोपड्यांची एक रांग होती. तलावात शिंगाडे लावणारी ती माणसं. थंडीत त्यांच्या बाया उकडलेले शिंगाडे टोपलीत घेऊन महालात विकायला जायच्या, उन्हाळ्यात मिळेल ते काम करायच्या. त्यांतली एक मावशी आमच्याकडे दिवाळीच्या आधी शिंगाडे घेऊन यायची म्हणून माझ्या ओळखीची होती. पन्नाशीची, काटक, केस तेल लावून घट्ट बांधलेले. नवरा नव्हता, मुलगा रिक्षा चालवायचा.

मास्तर फीत घेऊन काठावर जागा मोजत होते आणि मी फितीचं दुसरं टोक धरलं होतं, तेव्हा ती झोपडीच्या दारातून बाहेर आली. मला म्हणाली, "काय मोजून राहिले वं?"

मी म्हटलं, "काही नाही मावशी. मासे, बगळे करतोय आम्ही. ते इथे उभे करायचेत."

"मासे तं पाण्यात राहते. त्यायच्यासाठी जमीन काहून मोजाले लागते?"

मला हसू आलं, पण ती हसली नाही. आणीबाणीच्या दिवसांत अशीच फीत घेऊन माणसं आली होती, गोड बोलली होती, आणि पुढे पलीकडच्या काठावरची घरं गेली होती, असं तिने मला सांगितलं. तिची धाकटी बहीण त्या काठावर राहायची. मी तिची समजूत घातली. हे मास्तर मला लहानपणापासून माहीत आहेत, तसं काही नाही, असं मी म्हणाले. तिने मान हलवली, पण ते हलवणं हो म्हणण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती निंबाखाली येऊन बसली. दादाने विचारलं, काय मावशी, कामाला आलीस का. ती सरळ म्हणाली, "कामाले नाही आली. तुमच्यावर नजर ठेवाले आली. हात रिकामे नको म्हणून काही दे."

दादा खो खो हसला आणि त्याने तिच्यापुढे सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांचा ढीग ओतला. त्या बुचांना भोकं पाडून, तारेत ओवून तिने मोठ्या माशाचे खवले करायला घेतले. तिच्या हाताला वेग होता आणि डोळा सतत मास्तरांवर. माझ्याशी ती बोलायची, मुलाची तक्रार करायची, उन्हाची करायची. पण मास्तर आले की गप्प व्हायची.

मोठा मासा कूलरच्या पत्र्यांचा झाला. बगळे तीन झाले, बेडूक झाले. मी स्वतः एक कासव केलं. एका हलवायाची टाकून दिलेली मोठी कढई पालथी घालून पाठ, कोळशाच्या इस्त्र्यांची झाकणं पायांना, आणि डोक्याला नळाची जुनी तोटी. वेल्डिंग दादाने केलं, पण पाय मी धरून दाखवले होते आणि त्यांतला मागचा डावा पाय उलटा बसला. दादा म्हणाला, तोडून परत बसवू. मास्तरांनी राहू द्यायला सांगितलं. कासव चालताना एक पाय मागे ओढतंय असं दिसतं, छान आहे, म्हणाले. मला कोण आनंद झाला होता. मुलाला, नवऱ्याला, सासूबाईंनासुद्धा मी ते कासव दाखवायला घेऊन गेले.

या सगळ्यात एक जीप यायला लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची, आत यायची नाही. सफारी घातलेले एक साहेब उतरायचे आणि मास्तर हातातलं काम टाकून त्यांच्याकडे जायचे. ते कोणत्या खात्याचे होते ते मी इथे लिहीत नाही, पण परवानगी त्यांनीच दिली होती एवढं मास्तरांनी सांगितलं. दोघं काठाने चालत जायचे, साहेब हाताने लांबवर काही दाखवायचे, मास्तर माना डोलवायचे. एकदाही साहेब निंबाखाली आले नाहीत. मासा बघायला कुणीतरी यावं आणि त्याने माशाकडे न बघता जमिनीकडे बघावं, हे मला खटकलं. मावशीला तर पहिल्या दिवसापासून खटकत होतं. मी मास्तरांना विचारलं, साहेब काय म्हणतात? ते म्हणाले, काही नाही, उद्घाटनाचं बोलत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काठावर चुन्याच्या खुणा पडल्या. जिथे जिथे एकेक शिल्प उभं करायचं तिथे चुन्याचा एक गोल, आणि पुढे खड्डा. खाली काठावर उभं राहून बघितलं तर काही कळत नव्हतं. पण मी गच्चीवर सांडगे घालायला गेले होते, आणि वरून ते गोल मला दिसले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतासारखी सरळ ओळ. जुनी पायवाट पाण्याच्या कडेने वळणं घेत जायची, ही ओळ तिला सोडून चालली होती. ती झोपड्यांच्या अंगणांतून जात होती, आणि दोन ठिकाणी तर गोल भिंतीला टेकला होता. सांडग्यांचं पीठ हातावर वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवण थांबवून विचारलं, किती रुंद? मी म्हटलं, ओळीला कुठली रुंदी? तो म्हणाला, रस्त्याला असते. ओळीच्या त्या बाजूला काय उरतं आणि या बाजूला काय, ते बघ. मी मनातल्या मनात बघितलं. या बाजूला गल्ली उरत होती, त्या बाजूला तलाव. मध्ये जी माणसं होती ती कुठल्याच बाजूला उरत नव्हती.

मी मास्तरांना थेट विचारायचं ठरवलं, पण त्याआधीच कासव गेलं.

संध्याकाळी ते निंबाखाली होतं, सकाळी नव्हतं. दादा दुकान उघडायला आला आणि त्याचा आवाज आमच्या घरापर्यंत आला. मी धावत गेले. त्याचं म्हणणं सरळ होतं. कढई जाड बिडाची, भंगारात चांगला भाव येतो, आणि काठावरची माणसं सोडून तिथे रात्री कोण असतं? मोठा मासा का नेला नाही, तर तो उचलायला चार माणसं लागतात. बोलता बोलता त्याची नजर मावशीवर गेली. ती नेहमीसारखी बुचं घेऊन बसली होती. तिचा मुलगा रिक्षा चालवतो, रिक्षात कासव सहज मावतं, असं तो बोलून गेला.

मी म्हटलं, दादा, पुरावा नसताना असं बोलू नका. मास्तरही तोवर आले होते. ते निंबाच्या बुंध्याशी उभे होते आणि चष्मा पुसत होते. मला वाटलं, ते आता दादाला गप्प करतील. शाळेत पेन्सिल चोरीला गेली तरी कुणाचं दप्तर तपासू द्यायचे नाहीत ते. पण त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला, आणि परत काढून पुसला.

मावशी उठली. हातातली तार तिने खाली ठेवली. "चाल," ती दादाला म्हणाली. "माह्या घरात पाहा. कोपऱ्यात पाहा, चुलीत पाहा. मंग तुह्या दुकानात पाहू, मंग मास्तरच्या घरी पाहू."

आणि ती पुढे निघाली. दादाला मागे जावंच लागलं. मी गेले, मास्तर गेले, बघायला आलेली दहापंधरा माणसं गेली. तिची झोपडी एका खोलीची. तिने स्वतः गोधड्या उलगडून झटकल्या, कणगीचं झाकण काढलं, ट्रंक उघडून लुगडी बाहेर काढली. त्यात तिच्या लग्नातलं एक होतं, जपून घडी घातलेलं, ते सगळ्यांसमोर जमिनीवर पडलं. ते मी उचललं आणि तिच्या हातात दिलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दादाचा चेहरा उतरला होता. तो पुटपुटत निघून गेला. मग दुकानात कुणी पाहिलं नाही, मास्तरांच्या घरीही नाही.

मावशी दुसऱ्या दिवशी आली नाही. मीही गेले नाही. चोर कोण, हा प्रश्न आता सगळ्यांच्या तोंडी होता आणि जो तो दुसऱ्याकडे बघत होता. दादाच्या दुकानातल्या कारागिरावर काहींचा संशय होता. काहींचा म्हणे आमच्यावर, कारण आमच्या घराला मागचं दार होतं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्या खूप दिवस असं म्हणणाऱ्या बायांशी बोलल्या नाहीत. मी स्वतः प्रत्येकाचा चेहरा निरखायला लागले होते. किराणा घेताना, नळावर, देवळात. आणि इतकं सगळं करून मन परत परत त्या पुसल्या जाणाऱ्या चष्म्याकडे जायचं.

माझी चुलत बहीण तेव्हा बाळंतपणासाठी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात होती. मी डबा घेऊन जायची. एका दुपारी परत येताना सावली शोधत मी मागच्या रस्त्याने चालत होते. त्या रस्त्याला बंगले होते, मोठ्या फाटकांचे, आतून पाणी मारलेल्या हिरवळीचे. एका फाटकासमोर ती ओळखीची जीप उभी होती. मी थांबले. फाटकाच्या गजांतून आत बघितलं. हिरवळीच्या मधोमध, कर्दळीच्या वाफ्याशेजारी माझं कासव होतं. त्याला हिरवा ऑइलपेंट दिला होता. मागचा डावा पाय उलटा होता.

माळी पाइपने पाणी देत होता. मी त्याला विचारलं, हे कुठून आणलं? तो कौतुकाने म्हणाला की साहेबांना कुणा कलाकाराने भेट दिलंय, म्हातारे मास्तर स्वतः आले होते सोबत, जीपमधून.

मी तशीच घरी आले नाही. तडक काठावर गेले. मावशी दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, मावशी, माझ्यासोबत चल. तिने विचारलं, कुठी? मी म्हटलं, तू स्वतःच बघ, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस. तिने सूप आत ठेवलं, चपला घातल्या. तिच्या मुलाच्या रिक्षातून आम्ही दोघी परत रामदासपेठेत गेलो.

ती गजांना धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मास्तरले माहीत होतं?"

"तेच घेऊन आले होते."

"त्या दिवशी तो माह्या दारात उभा होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या गोष्टीची खात्री करून घेतात तसं ते वाक्य होतं. थोड्या वेळाने तिनेच मला विचारलं की माझं मास्तरांशी नातं काय. मी सांगितलं, त्यांनी मला शिकवलं. "मंग तूच विचार त्याले," ती म्हणाली. "माह्यासंग तो बोलणार नाही."

मी दुसऱ्या दिवशी महालात मास्तरांच्या घरी गेले. त्यांची बायको चहा ठेवून आत गेली. मी इकडचं तिकडचं न बोलता कासव कुठे बघितलं ते सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही. साहेबांना ते आवडलं होतं, त्यांनी मागितलं. नाही म्हटलं असतं तर सगळंच अडलं असतं, परवानगी तोंडीच होती. एका कासवापायी सगळ्यांची मेहनत वाया घालवायची का? ते शांतपणे, समजावत बोलत होते, वर्गात बोलायचे तसं.

मी म्हटलं, "मावशीच्या घरात शिरले तेव्हा तुम्ही तिथे होता."

"त्या क्षणी बोलता आलं नाही. मग वेळ निघून गेली."

"आणि ती चुन्याची ओळ? ती कुणी आखली?"

"साहेब म्हणाले, सरळ मांडलं तर नीटस दिसेल."

"सर, तुम्हीच आम्हाला शिकवलं, निसर्गात सरळ रेघ नसते म्हणून. तुम्हाला ते विचित्र नाही वाटलं?"

ते उठले, माझा रिकामा कप उचलला आणि मोरीवर नेऊन स्वतः विसळायला लागले. पाठमोरेच म्हणाले, "तुला सगळीकडे डाव दिसायला लागला आहे. असं असलं की चित्र काढता येत नाही." मी वाट बघितली, पण कप विसळून झाला तरी ते वळले नाहीत. मी निघून आले. त्यांना ओळीचा अर्थ माहीत होता का, की साहेबांनी त्यांनाही फसवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतरही कळलं नाही.

मी दादाला सगळं सांगितलं. तो दुकानाच्या ओट्यावर बसून राहिला, मग उठून मावशीच्या दारात गेला. मी लांब उभी होते, पण त्याचा आवाज दबका असला तरी ऐकू यायचा. "आपल्याकडून गलती झाली, मावशी," तो म्हणाला. तिने त्याला बस म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. तिने त्याला विचारलं की तो मोठा मासा पाण्याजवळ उभा करता येईल का. ओळीत नाही, पाण्याजवळ.

उद्घाटन जवळ आलं होतं. पुढचे दोन दिवस दादाने दुकानातली गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, काठावरच्या माणसांनी आणि आम्ही मिळून एकेक शिल्प उचललं आणि जुन्या पायवाटेने, पाण्याच्या कडेकडेने नेऊन रोवलं. कुणाचा बगळा कुणाच्या परसात उभा राहायचा यावर बायांची भांडणंसुद्धा झाली. एका घराने बेडूक मागितला, मुलं घाबरतात म्हणून परत दिला. ओळीतल्या खड्ड्यांचं काय, तर कुणी राख-माती भरली, कुणी शेवग्याची फांदी लावली. आणि चुन्याच्या गोलांचं काही करावंच लागलं नाही. सकाळी बायांनी रोजच्यासारखी आपापली अंगणं सारवली आणि गोल शेणाखाली गेले.

मास्तर एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत आलेले मी बघितले. माणसं मासा खांद्यावर घेऊन चालली होती. ते थोडं थांबले आणि वळून गेले.

उद्घाटनाला साहेब आले. सोबत वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होता, वस्तीतली दोनेकशे माणसं होती, कनाती लावल्या होत्या. साहेबांनी काठाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ते मास्तरांना शोधत असावेत. मास्तर सगळ्यांत मागच्या खुर्चीवर होते आणि खाली बघत होते. दादाने पुढे होऊन साहेबांच्या हातात कात्री दिली आणि आपल्या मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की काठावरच्या लोकांनीच हे केलं आहे आणि तेच ते सांभाळणार. छायाचित्रकाराने साहेबांना माशाजवळ उभं राहायला सांगितलं. माशाच्या मागे मावशीची झोपडी होती, आणि दारात मावशी. तिने मुद्दाम तिथे जागा धरली होती. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून आलं. त्यात साहेब हसताहेत, आणि मावशी त्यांच्याकडे बघते आहे, अजिबात न हसता.

जीप त्यानंतर आली नाही. मावशीला वाटायचं, येईल. पावसाळा गेला, शिंगाड्याचा हंगाम गेला, तरी ती रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला दाराबाहेर यायची. आमची ओळख वाढली, पण ती माझ्याशीही जपूनच बोलायची, आणि मला ते बरोबर वाटायचं. पाचसहा वर्षांनी खरंच नोटिसा आल्या आणि काठावरची घरं उठली. काही घरं शहराबाहेर बेसाच्या बाजूला, तेव्हा नुसती शेतं होती तिथे गेली. मावशी मुलाबरोबर तिकडेच गेली. तलावाच्या काठाने रस्ता झाला. तो त्याच ओळीवरून गेला की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जवळपास तिथूनच गेला. लोखंड तोवर बरंचसं गंजून गेलं होतं, उरलेलं कुणी नेलं ते कुणी विचारलं नाही.

मास्तरांकडे मी पुन्हा गेले नाही. चित्रं मात्र काढत राहिले. कागदासमोर बसलं की त्यांचं शिकवणं हाताला आठवायचं, आणि मग कप विसळताना त्यांनी म्हटलेलं ते वाक्यही आठवायचं. ते गेले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली आणि मला बोलायचा आग्रह झाला. मी बोलले. त्यांनी आम्हाला बघायला कसं शिकवलं, वस्तूसमोर गप्प बसायला कसं शिकवलं, एवढंच बोलले. ते सगळं खरं होतं. बाकीचं मी बोलले नाही, कारण समोरच्या रांगेत त्यांची बायको बसली होती.

सभा संपल्यावर त्या बाईंनी मला जवळ बोलावलं. किती वर्षांत आली नाहीस, म्हणाल्या, सर तुझी आठवण काढायचे. मी म्हटलं, मुलाची शाळा, सासूबाईंचं आजारपण, राहूनच गेलं. त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला आणि बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता हे मला कळत होतं. मग त्यांनी हात सोडला आणि चहा घेऊन जा म्हणाल्या.